तीस मिली आणि चोवीस लूम

नारपोली, भिवंडी
रविवार, २४ एप्रिल १९८८

ती. आक्कास धाकट्या अनंताचा सप्रेम जय भीम.

तुझा गुडघा कसा आहे? मागे पाठवलेलं तेल गुडघ्याला लागतंय की शेजारणींना वाटलं जातंय? मंदाच्या लग्नाला चौदा दिवस राहिले, म्हणजे तू आता बसत नसशीलच. आमच्याकडे सर्व खुशाल. (हे सवयीने लिहून गेलो. खोडत नाही, पण ते खरं की खोटं हे तू पत्र वाचून ठरव.)

परवा आमच्या गल्लीतली हौसामावशी तुझा निरोप घेऊन तुमच्या वळ गावाहून परत आली. दाजींनी मांडवात पाय ठेवायचा नाही, पोरीच्या हळदीला दारूचा वास नको, असा निरोप. तो तिने आमच्या दारात उभं राहून सांगितला आणि त्या वेळी दाजी आतच कांदा चिरत होते. त्या दिवशी कांदा फार बारीक चिरला गेला. आक्का, हौसामावशीने तुला जे सांगितलं ते तिने कानांनी ऐकलेलं आहे, ती खोटारडी नाही. पण तो आवाज माझा होता आणि दोष दाजींच्या माथी गेला. आठ दिवस मी हे लिहायचं टाळत होतो. रोजनिशीत मात्र चार वेळा लिहून झालं आहे, चारही वेळा माझी बाजू जरा बरी दिसेल असं.

सहा मार्चला तू दाजींना गाठोड्यासह आमच्या दारात सोडलंस आणि म्हणालीस, "तू शिकलेला हायस, ह्याला मानसात आन." त्या 'शिकलेला' शब्दाने घात केला. तुला ठाऊक नाही (तुझ्या भावजयीला, कलावतीला, ठाऊक आहे), पण गेली तीन वर्षं मी दर शनिवारी संध्याकाळी साडेसातला तीस मिलिलिटर दारू घेतो. एकतीस नाही. काचेच्या मोजपात्राने मोजून, डोळा रेघेच्या पातळीवर आणून, जसं मी नववीच्या मुलांना शिकवतो तसं. ज्या खोलीत बुद्धांचे फोटो लावलेत त्या खोलीत कधीच नाही. त्यासाठी ठाण्याला जाऊन सरकारी परवानाही काढला. (आरोग्य राखण्यासाठी, असं त्यावर छापलेलं आहे. अर्ज घेणारा कारकून बराच वेळ माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "पिणारे रोज बघतो, विचारून पिणारा पहिलाच.") माझं म्हणणं असं होतं, की अजिबात न घेणारा माणूस ताणलेल्या दोरीसारखा असतो, एक दिवस तुटतो, आणि दाजींसारखा पिणारा तर तुटलेलाच. मधला, मोजून घेणारा, तोच टिकतो. बुद्धांनी मध्यम मार्ग सांगितला आहे, हेही मी एकदा कलावतीला ऐकवलं. ती पोळी उलटत म्हणाली, "दारू नको, हे पाचवं शीलबी त्यांनीच सांगितलंय ना? मग दुसऱ्याचाबी मध्यम मार्ग काढा, अर्धी अर्धी चोरी करा." त्यानंतर विहारात रविवारी वंदनेला चार शीलं मी स्पष्ट म्हणत असे आणि पाचव्याला मला खोकला येत असे. तीन वर्षांत विहारातल्या बायाबापड्यांनी मला अडुळसा, ज्येष्ठमध, सुंठ असं इतकं आणून दिलं, की घरात छोटं दुकान झालं.

दाजींनी पहिल्या दिवसापासून दारू शिवली नाही. मी काहीच शिकवलं नव्हतं. काल्हेरच्या गोदामातून पोती वाहून आले की अंघोळ करायचे आणि शेजारी नूर मोहम्मदच्या यंत्रमागाच्या कारखान्यात लूम बघत बसायचे. मला हे बरं वाटायला हवं होतं. पण खरं लिहायचं तर मला काळजी वाटू लागली, की हे शास्त्रशुद्ध नाही. हळदीच्या दिवशी व्याही आग्रह करतील, दोरी तुटेल, आणि बाटलीवर बाटली होईल. त्यापेक्षा एकावर थांबायचा सराव आधीच हवा. म्हणून सोळा एप्रिलला, दाजींच्या बेचाळिसाव्या दिवशी, मी दोन पेल्यांत तीस-तीस मिली मोजून ठेवलं.

तू नारपोलीत राहिलेली नाहीस, म्हणून सांगतो. भिंतीपलीकडे नूर मोहम्मदचे चोवीस लूम धडधडत असतात. आमच्या गल्लीत "मीठ दे" हेही भांडल्यासारखं ओरडून सांगावं लागतं, आणि त्याची इतकी सवय होते की आपण ओरडतोय हे कळत नाही. दाजी नको म्हणत होते. म्हणाले, "मास्तर, तुमचं माप काचेत हाय. माज्यात कुटं हाय? पयल्यावर थांबाया आलं असतं तर मंदाच्या आयनं मला इथं कशाला सोडला असता?" आणि मी समजावत होतो, म्हणजे बोंबलत होतो, "अहो दाजी, प्या! तीसच मिली आहे! एवढ्याने काही होत नाही!" तेवढ्यात लाइट गेली. चोवीस लूम एकदम थांबले. आणि त्या स्मशानशांततेत, नळावर दहा बायका हंडे लावून उभ्या असताना, माझं पुढचं वाक्य गल्लीच्या टोकापर्यंत गेलं: "मी तीन वर्षं घेतोय!"

मग भिंतीपलीकडून नूर मोहम्मदचा आवाज आला, "मास्तर, माझे चोवीस लूम बंद पडले, तुमचा एकटाच चालू हाय वाटतं!"

हौसामावशी तेव्हा नळावर होती. "दाजी, प्या" इतकं तिने ऐकलं, आणि माणसं कुणी प्यायला बोलावलं की पितात, असा तिचा अनुभव. दाजींनी आपला पेला मोरीत ओतला, विसळला आणि पालथा घातला. माझा मी प्यायलो. (अंधारात. रोजनिशीत 'वाया जाऊ नये म्हणून' असं लिहिलं होतं, ते आज खोडलं.) दुसऱ्या दिवशी विहारात पाचव्या शीलाच्या वेळी सगळे इतके शांत झाले, की मला खोकताही आलं नाही.

नंतर नूर मोहम्मद आपणहून आला. हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "मास्तर, आमच्यात न्हाय म्हंजे न्हाय. मोजायला बसावंच लागत न्हाय, तेवढाच येळ वाचतो." मी म्हटलं, पण माझं तर आठवड्याला एकदाच. तो म्हणाला, "मग एक शनिवार सोडून बघा की. हलकीच गोष्ट."

काल तो शनिवार होता. आक्का, ही हलकी गोष्ट मला गुरुवारपासून आठवत होती. काल सहा ते साडेसात मी घड्याळ अकरा वेळा पाहिलं. साडेसातला कपाटापाशी गेलो, तर कपाटाला पाठ लावून दाजी बसलेले. बडीशेपेची पुडी पुढे करून म्हणाले, "मास्तर, पयला शनवार लय वंगाळ असतो. चावा. बोलू नका, चावा." नऊ वाजेपर्यंत आम्ही दोघं चावत बसलो. मापात राहणारे लोक असतीलही, मी त्यांना खोटं ठरवत नाही. मी मात्र तीन वर्षं दारू मोजली, तिची वाट बघणं कधी मोजलं नाही.

आज पाचवं शील मोठ्याने म्हटलं. एकाच आठवड्याचं आहे, पण म्हटलं.

आज दाजींचा पन्नासावा दिवस. एक थेंब नाही. त्यांना मांडवात येऊ दे. शिक्षा करायची तर मला कर.

कलावतीचा जय भीम. मंदाला आशीर्वाद.

तुझा,
अनंता

ता. क. ते मोजपात्र शाळेच्या प्रयोगशाळेतलं होतं. तीन वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी आणलं होतं. उद्या परत ठेवतो. कलावतीला अजून सांगितलेलं नाही, दुसऱ्या शीलावर ती पुन्हा घसरेल.

ता. क. दुसरा. हळद शनिवारी, सात मेला आहे, हे आत्ता कॅलेंडर पाहून लक्षात आलं. तेव्हा दाजींना माझ्याच शेजारी बसव. त्यांच्यासाठी नव्हे.

ता. क. तिसरा. दाजींनी कागद मागितला आहे. खालचं त्यांच्या हातचं.

मंदाचे आय, मास्तरनं लय लिवलंय. मी पीत न्हाय. हलदीला येऊ का, तेवडं कलव. मास्तरला संगती आनतो. नवीन हाय, त्याच्यावर ध्यान ठेवाया कोन तरी पायजे.
— कोंडू