गप्प माणसाकडं आधी

तुळजापूर,
ता. ९ एप्रिल १९४६

तीर्थस्वरूप हिंमतदादा यांस धाकटी बहीण शिवगंगा हिचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडं ऊन लई तापलंय. हैदराबादेहून कापूस, आयोडीन परवाच आलं. वहिनी जेवतात का?

तुमच्या पत्रात एकच ओळ होती. “बलभीम शेवटी काय बोलला?” पंधरा दिवस मला उत्तर लिहवलं नाही.

लढाईत मी आसामच्या लष्करी दवाखान्यात नर्स म्हणून गेले, म्हणून तुम्ही बोलणं टाकलंत. तिथं लंडनहून आलेल्या एक सिस्टर शिकवायच्या. त्यांच्या शहरावर बॉम्ब पडलेले. म्हणायच्या, ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो, गप्प पडलेल्याकडं आधी जा. इथं येऊन दवाखान्यात हाताखाली असलेल्या चाँदबीला नि इरम्माला मी तेच शिकवलं.

त्या दुपारी तामलवाडीच्या विहिरीवर सुरुंग अवेळी उडाला. पाच जण गाडीत घालून आणले. तुमचा बलभीम दवाखान्याच्या पायरीवर टेकून बसला. अंगावर ओरखडा नाही. मला बघून हसला.

“आत्या, पाणी दे की.”

“थांब रे, आलेच.”

शेजारी त्याच गाडीतून आणलेला बिराप्पा गप्प, निळा पडत चाललेला. त्याच्या घशातली माती काढली, छातीची जखम दाबून धरली. मागून बलभीम हाका मारत होता. मी ओ देत होते. चार-पाच वेळा तरी.

बिराप्पाला श्वास लागला, तेव्हा चाँदबी माझ्याकडं टक लावून बघत होती.

“बाई, ओ कुणाला देताय? त्यो तर मघाच गेला. म्या सांगितलं, तुमी ऐकलंच न्हाय.”

त्याचा हात गार होता. पोट आतल्या रक्तानं दगडासारखं झालेलं.

दादा, कुठली हाक त्याची होती नि कुठली नंतरची, मला सांगता येत नाही.

बोलणाऱ्याचीही नाडी बघा, पोट चाचपा, पुन्हा पुन्हा बघा, हेही सिस्टरनी सांगितलं होतं. मी विसरले. आपल्या भांडणाचा राग तेव्हा मनात नव्हता, असं स्वतःला रोज सांगते. तुम्ही त्याला न्यायला आलात, तेव्हा मी आत कडी लावून उभी होते.

आता दोघींना सगळं शिकवलंय.

दुपारी वॉर्ड निजला की पायरीवरून हाक येते. तांब्या भरून ठेवते. संध्याकाळी रिकामा असतो. चाँदबी म्हणते, ऊन लई आहे.

बिराप्पा रविवारी अणदूरला तुमच्या पाया पडायला येणार आहे. नको म्हटलं, ऐकत नाही. त्याला यातलं काही ठाऊक नाही. दारातून परत पाठवू नका.

बलभीमची आत्या,
शिवगंगा