धम्मानंदची थाप

२२ मार्च, रविवार
आज पुन्हा पळाला! विहाराच्या हॉलमध्ये भीमगीतांची तालीम. केवळामावशींचं गाणं छान रंगात आलेलं, आणि अंतऱ्यात आमचा ड्रमर धम्मानंद सुटला — दावं तोडलेल्या वासरासारखा. मागे कीबोर्डवर माझी बोटं फरफटत. गायनपार्टीचे प्रमुख रामकिशनदादांनी गाणं थांबवलं. "धम्मा, तुझ्यात जोर लई हाय, पण लय न्हाई!" सगळे हसले. तोही हसला. मग दादा म्हणाले, "उदगीरच्या कार्यक्रमात पळालास तर तुझ्या जागी लातूरचा बसवंत." तेव्हा कोणी हसलं नाही.

दिवसभर वायरिंगची कामं करून येतो बिचारा. ड्रमवर बसला की चेहराच बदलतो त्याचा. त्याला काढलेलं मला नाही बघवणार. म्हटलं, मी शिकवते.

२४ मार्च
मोबाइलवरची तालाची टिकटिक त्याच्या कानात घालून दिली. बाकीची गाणी सुतासारखी सरळ. मावशींचं गाणं आलं, तर इअरफोनच काढून ठेवला! "कान दुखायलाय, ताई." बहाणे नुसते.

२९ मार्च
संध्याकाळी त्याच्या घरी गेले. त्याची बायको मंजुश्री ज्वारीच्या भाकरी थापत होती — थप थप थप, काय एकसारखी लय! म्हटलं, हिच्यावर धर. त्यानं पिठाचा डबा उलटा घेऊन वाजवायला सुरुवात केली. शेवटची भाकरी तव्यावर पडेपर्यंत एकदाही लयीतून हलला नाही. "मग मलाच बसवा की इस्टेजवर!" मंजुश्री म्हणाली. हसताना पिठाचा हात तसाच तोंडाला लावला. मी ठेच्याबरोबर दोन भाकरी हाणूनच उठले.

निघताना विचारलं, "मावशींच्याच गाण्यात काय होतं रे तुला?"

मान खाली. "हात सुटतो, ताई. जोश येतो."

जोश म्हणे!

५ एप्रिल
तालीम रद्द. मावशींचा घसा बसलाय. थंड पाणी प्यायले, म्हणतात.

१२ एप्रिल
धम्मानंदला बजावलं — उदगीरला डोळ्यांपुढे फक्त भाकरी आण. कोणाकडे बघू नकोस. मावशींकडे तर मुळीच नाही. त्यानं काड्या पिशवीत भरल्या. मग म्हणाला, "बरं, ताई."

१९ एप्रिल
काल उदगीरचा कार्यक्रम झाला. मावशींच्या गाण्यातही नाही पळाला! दादा वळून माझ्याकडे बघून हसले. मी तर हवेत!

पण गाणं अजून संपलं नव्हतं. शेवटच्या अंतऱ्यातली एक लांब ओळ — अर्ध्यातच आवाज गेला. त्यांनी हसत माईक लोकांपुढे धरला. लोकांनी ओळ पुरी केली, टाळ्यांचा कडकडाट. लोकांना वाटलं, मावशींनी मायेनं गायला लावलं. धम्मानंद मान खाली घालून वाजवत होता, अगदी एकसारखा. त्याचे गाल ओले होते.

परतताना गाडीत मावशी खिडकीकडे तोंड करून दम्याचा पंप ओढत होत्या. मी पहिल्यांदाच बघितला.

२० एप्रिल
धम्मानंद दारात. आत येईना.

"मावशीला लांब ओळीत दम पुरत न्हाई, ताई. म्हणून मी लय पुढं ओढतो, ओळ लवकर संपते. दवाखाना चालू हाय. पण दादाला कळलं की घरीच बसवतील तिला. गाणं गेलं तर ती न्हाई जगायची. कुणाला सांगू दिलं न्हाई तिनं."

म्हणजे जोशबिश काही नव्हतंच. मला थाप मारत होता! आणि मी शहाणी, त्याची थाप सरळ करत बसले. माझ्या शिकवण्यानं मावशींचा आवाज भर स्टेजवर गेला. आज जेवण गेलं नाही.

२६ एप्रिल
मावशींच्या गाण्यात आज आम्ही दोघंही पळालो. ओळ पुरी झाली.

दादा माझ्यावर खेकसले, "आता तुला काय झालं गं?"

म्हटलं, "हात सुटतो, दादा. जोश येतो."