एकशेएक नंबरचा मान

९ सप्टेंबर, कोकंद, उझबेकिस्तान
जर्दाळू निर्यात करणाऱ्या आमच्या कंपनीत आजपासून नवी टेलिफोन यंत्रणा. मी एकटीने बसवली. शुक्रवारी मालकांसमोर चाचणी. पास झाली की ताश्कंदच्या मुख्य ऑफिसात माझी बदली. होणारच. बॅग भरून ठेवली.

आजवर सगळे फोन मुकर्रम-ओपा, ऑफिसातल्या सगळ्यांच्या मोठ्या ताई, उचलायच्या आणि ज्याचा असेल त्याला हाक मारायच्या. त्यांना सांगितलं, आता आराम करा. म्हणाल्या, "बघू गं पोरी."

भिंतीवर परिभाषा लावली. एक्स्टेन्शन: प्रत्येकाचा आतला नंबर. हंट ग्रुप: एकाने उचलला नाही, तर कॉल पुढच्याकडे. ट्रान्सफर: कॉल योग्य माणसाकडे सोपवणं. शब्द अचूक असले की चुका होत नाहीत.

१० सप्टेंबर
चूक झाली. माझी नव्हे. नंबर अक्षरक्रमाने दिले होते. १०१ ड्रायव्हर अबरोरला गेला, ११४ सोतिबोल्दी-ओतांना. ओता म्हणजे वडीलधारे; हे मालकांचे काका, वय ऐंशी. ते दुपारी जेवले नाहीत. अबरोर लाजून गाडीतच बसून राहिला. मालक म्हणाले, "अगं, वडीलधारे आत बसतात, धाकटे दारापाशी. ओतांना तू दारापाशी बसवलंस!"

नंबर वयानुसार बदलले. ओता १०१. मी सगळ्यांत लहान, ११९. किरकोळ बदल.

११ सप्टेंबर
हंट ग्रुप १०१पासून सुरू होतो. ओतांना फोन उचलायला आवडतं. अल्माटीचा मोठा ग्राहक होता. ओतांनी त्याची आई, आईचे गुडघे, नातवंडं, तिथली हवा, सगळ्यांची चौकशी केली, दुवा दिली आणि फोन ठेवला. ट्रान्सफर का केला नाहीत, विचारलं. "इतका भला माणूस! त्याला दुसऱ्याच्या गळ्यात कशाला घालू?"

ट्रान्सफरची व्याख्या मोठ्या अक्षरांत लिहिली.

१२ सप्टेंबर
ओता गोदामात असताना फोन आला. चार रिंगांनंतर कॉल १०२वर, मालकांकडे. त्यांनी हात लावला नाही. "ओतांनी घेतला नाही, तो मी घेऊ? लाज आहे की नाही?" १०३ने मालकांकडे बोट दाखवलं. १०४ने १०३कडे. कॉल एकेकाला सलाम करत दारापर्यंत आला. दारापाशी मी. उचलला. अल्माटीवालाच. "ताई, फोन उचलेपर्यंत वाजणारी तुमची ती धून आता मला पाठ झाली. जर्दाळू विकता की कॅसेटी?"

यंत्रणा निर्दोष आहे. माणसांना सराव हवा. उद्यापर्यंत होईल.

१३ सप्टेंबर
चाचणी. मालकांनी अंगणातून मोबाइलवरून फोन लावला. ओता नमाजाला गेलेले. ऑफिसात सगळे आपापल्या फोनकडे पाहुण्यासारखे बघत बसले. कॉल पुन्हा माझ्याकडे.

मालक खूश होऊन आत आले. "आपल्यात चहा कोण ओततं? सगळ्यांत धाकटं. मग फोनही त्यानेच घ्यावा. एवढं साधं कुणाला सुचलं नाही!" सगळे कॉल थेट ११९वर.

चाचणी पास. ठरल्याप्रमाणे.

मात्र ११९ सोडून मला जाता येत नाही. ताश्कंदला कुणीतरी हवंच, म्हणून मुकर्रम-ओपा जाताहेत. त्या आता मोकळ्याच आहेत. त्यांच्याकडे बॅग नव्हती. माझी भरलेलीच होती; रिकामी करून दिली.

१६ सप्टेंबर
व्यवस्था तात्पुरती आहे. हिला 'मॅन्युअल अटेंडंट' म्हणतात. भिंतीवर तशी ओळ वाढवली.

ट्रान्सफरचं बटण उत्तम चालतं. हाक मारली की लोक लवकर येतात, इतकंच.

चहाही मीच ओतते. तो यंत्रणेचा भाग नाही.