मशीनवर लागलो

मोरबी, १२ फेब्रुवारी

सपना, जय भीम.

कायचा अपमान व? मी फोन ठेवला तं तुह्या म्याडमचा अपमान झाला? त्याईले मले कारखान्यातून लाइव्ह पाह्यचं हाय म्हणे. कायले? तू केलेलं उंच स्टूल पोचलं, चांगलं हाय, इतकं सांगितलं ना. तं तू म्हणते, "दादा, नुसतं चांगलं हाय म्हणून चालत नाही. त्याच्यावर काम करताना तुले पाह्यलं नाही, तं मी शिकली काय?" युनिव्हर्सिटीचं डिझाइन तू शिकून राह्यली घरी मोबाइलवर, अन् परीक्षा माह्या अंगावर.

आई बरी हाय ना? इंझोरीत तुरी निघाल्या का?

स्टूल खरंच चांगलं हाय. अमरसिंग रोज बसते त्याच्यावर. कंबर दुखत नाही म्हणते.

अमरसिंग कोण, हे तू इचारशीन. मशीन थो चालवते.

"मशीनवर लागलो" म्हणलं होतं मी, थे खोटं नव्हतं. मशीनमधून फरशी निघते, पेट्यांत भरते, त्या पेट्या मी उचलतो. मशीनवरच झालं ना? पण आईनं विहारात सांगून टाकलं, पोरगा मशीन चालवते. मंग मी चूपच राह्यलो. अन् तू व्हिडिओवर म्हणली, "दादा, तुहं रोजचं काम दाखव, त्याच्यावरूनच मले वस्तू करायची हाय," तवा अमरसिंगची टोपी घातली अन् बटणापाशी उभा राह्यलो. तू लिहून घेत होती, दादाले उभं राहून पाय दुखतात. अमरसिंग मांगून हासून राह्यला होता, "हीरो, हाथ तो लगा मशीन को."

तू सुताराकडे जाऊन स्वतः रंधा मारला, हाताले फोड आले. म्याडमनं साऱ्या वर्गाले तुहं काम दाखवलं. सपना, मले बसायले टाइमच भेटत नाही. खांद्याचं कातडं निघालं हाय, थे तुले दिसू देलं नाही. बोलताना जीभ उचलत नाही म्हणून लिहून राह्यलो, कागदाचा फोटो पाठवतो.

शुक्रवारी कॉल लाव. टोपी घालत नाही. पेट्या उचलताना तूही पाहा, म्याडमलेही पाहू दे. मार्क कापले तं दादानं फसवलं म्हणून सांग. आईले तू सांगू नको, मी सांगीन.

आता पेट्या उचलणाऱ्यासाठी दुसरं काही करावं लागन तुले. सुताराले अन् सामानाले पैसे पाठवून राह्यलो.

तुहा दादा,
संघदीप

हमालीचे, बाराशे रुपये.