दहा नावं, दहा फुलं

१ मार्च १९६२, आर्णी
नवीन वही. आजपासून एकच नोकरी धरणार. दिवाळीपासून तीन झाल्या: सरकीचं गोदाम, टुरिंग टॉकीजचं गेट, कळंबला गणपतीपुढं नारळ विकणं. तिन्ही मीच सोडल्या. लोक वेगळं सांगतात. आई म्हणाली, निजामुद्दीनच्या छापखान्यातून परत आला तं सीधा राजूरले, मामाजवळ, कोळशात. कोळसा आपल्या स्वभावाला मानवणार नाही. छापखाना परमनंट.

४ मार्च
पहिलं मोठं काम. आमच्या तांड्याचे नायक लालसिंग, त्यांच्या नलूची लग्नपत्रिका. तांड्यात छापील पत्रिका ही पहिलीच. निमंत्रक नऊ. मी एकाखाली एक लिहून आणले. निजामुद्दीनचाचा म्हणाले, "इतका कागद तुह्या बापाचा हाय काय? सगळे सलग घे. दोन नावाच्या मधात एक फूल. टोकाले काही नाही." फूल म्हणजे नक्षीचा शिशाचा खिळा. खणात दहाच आहेत. नऊ नावांना आठ पुरतात. इझी. लावायला बसणार, तोच समोर जब्बार मेकॅनिकनं बसचं इंजिन खोललं. ज्ञान वाया जाऊ देऊ नये. चार तास तिकडे.

६ मार्च
प्रूफ घेऊन तांड्यावर गेलतो. नायकांनी कागद लांब धरून पाहिला. मग म्हणाले, "कारभारी भावसिंगले दोन्ही बाजूनं फूल. मी नायक, मले एकाच बाजूनं. काहून?" मी म्हणालो, तुम्ही पहिले आहात ना. ते म्हणाले, म्हणूनच विचारून राह्यलो. मुद्दा बरोबर होता. त्यांच्या अलीकडे एक फूल लावून देतो म्हणालो. चाचाला सांगायची गरज नाही, लहान इंप्रूव्हमेंट आहे.

७ मार्च
यादीत शेवटचे धावजीबुढे. नायकांचं कळताच म्हणाले, मी काय विधवेच्या कपाळासारखा कोरा राहू? त्यांनाही शेवटी फूल. दहा संपली. प्रकरण मिटलं.

८ मार्च
नाही मिटलं. नव्या प्रूफात शेवटी फूल दिसलं आणि अख्खा तांडा विचारतो, फुलाच्या पुढचं नाव कोणी खाल्लं? सगळ्यांचं एकमत, डोंगरसिंगचं. डोंगरसिंग म्हणजे नायकांचा धाकटा भाऊ, दोन वर्षं बोलचाल बंद. तो नायकांच्या दारात येऊन बसला. म्हणाला, लिहिलं होतं अन पुसलं. नायक व्याह्यांच्या देखत लाल झाले, म्हणाले, "लिही बाप्पा त्याचंही." आता त्याच्यापुढं फूल पाहिजे. खण रिकामा.

९ मार्च
सुचलं! टोकं असतात म्हणून भांडण. टोकंच ठेवायची नाहीत. नावं पत्रिकेच्या चारही बाजूंनी चौकटीसारखी फिरवायची, शेवटचं फूल पहिल्या नावाला जाऊन भिडतं. दहा नावं, दहा फुलं. प्रत्येकाला दोन्हीकडे फूल. ना कोणी पहिला, ना शेवटचा. दोघं भाऊ शेजारी नकोत, म्हणून डोंगरसिंग नायकांच्या बरोबर समोरच्या बाजूला. चाचा कागद आणायला यवतमाळला. प्रूफ कशाला? सरळ तीनशे छापल्या. चाचा पगार वाढवतील असं वाटतं. मागणार नाही, दिला तर घेईन.

१० मार्च
खिळे जुळवताना मजकुराचं डोकं आपल्या पोटाकडं असतं, हे मला ठाऊक होतं. घाईत आठवलं नाही, इतकंच. नायक मी माझ्यापासून लांबच्या बाजूला लावले, वर म्हणून. छापल्यावर ते तळाशी, उलटे. वर मधोमध सुलटा डोंगरसिंग. नायकांनी पत्रिका फिरवली, त्यांचं नाव सुलटं झालं, नलू आणि जावई डोक्यावर. परत फिरवली. मग शांतपणे विचारलं, "वराले कोण्या बाजूनं पाहाचं?" डोंगरसिंग मात्र हसून राह्यला होता. दोन वर्षांनी भावाशी बोलला, म्हणाला, दादा, राहू दे असंच.
याचं श्रेय मला कोणी दिलं नाही. चाचांनी हातातली खिळे उपसायची पिन खाली ठेवली आणि म्हणाले, "बेटा, तू बहुत हुशार. घरी जा."

१९ मार्च, राजूर
मीच सोडला छापखाना. मोकळ्या हवेची गरज होती. लखीराममामानं खाणीत लावून दिलं. काम कोळशाचे डबे जोडायचं. डबा, कडी, डबा, कडी. बारा डबे झाले, शेवटच्याची कडी मोकळी लोंबत होती. मुकादमाला विचारलं, हिला काय लावू?
म्हणाला, "तुले लावू काय?"