अर्धं ओढ्याचं

प्रिय दादा,

अक्षर ओळखून तू हे पाकीट तांदळाच्या डब्यावर ठेवून देशील आणि दोन दिवस त्याच्याकडे बघणारही नाहीस, हे मला ठाऊक आहे. नऊ वर्षं माझ्याशी न बोललेला माणूस माझं पत्र लगेच कशाला फोडेल? पण तुझ्या लेकीने, सिल्विनाने कळवलं की ओढ्यातून सोनं उपसणारे पंपवाले निघून गेले, सेरांतुंग ओढ्याचा तळ पुन्हा दिसायला लागला, आणि तू रोज संध्याकाळी त्या काळ्या दगडापाशी जाऊन बसतोस. दादा, त्या दगडावरचं ते पाण्यातलं इवलं झाड माझ्याकडे जिवंत आहे. ते मला परत आणायचंय. पण तू हो म्हटल्याशिवाय मी गावात पाऊल टाकणार नाही.

मी ते समूळ खरवडलं, तो दिवस तुला आठवतोच. बाबांनी आपल्याला शिकवलं होतं, दगडावरचं आडवं खोड मधोमध कापायचं, अर्धं आपलं, अर्धं ओढ्याचं. मी अर्धं ठेवलं नाही. सगळ्या गावाच्या त्या एका लांबघराच्या ओसरीवर सगळ्यांदेखत तू माझी टोपली उलटी केलीस. "बोगोरचं पाणी लागलं का गं तुला? बाबा असते तर हात तोडले असते तुझे!" आई मान खाली घालून सुपारी कातरत राहिली. मी झाड गोळा केलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि होडीत बसले. एक शब्द बोलले नाही. बोलता आलं असतं.

बोगोरला सासरी परत आल्यावर मी खोडाचे तीन तुकडे केले, दगडांना दोऱ्याने बांधले आणि टाकीत सोडले. आठवड्याभरात पानं काचेसारखी झाली आणि विरघळून गेली. सगळी, दादा. बोटाएवढे उघडे तुकडे उरले. मला वाटलं, ओढ्याने शाप दिला. मी ते उचलून कचऱ्यात टाकणार, तर आमचे हे आडवे आले. जावामधला माणूस, आपल्या ओढ्याला ते कशाला भितात! "अगं, पाणी बदललं की रुसतात झाडं. लग्नानंतर तूही महिनाभर नीट कुठे जेवत होतीस? मी टाकली का तुला बाहेर?" मी चिडले, पण तुकडे राहू दिले.

पाचव्या आठवड्यात एका तुकड्यावर मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. मला ते शेवाळ वाटलं. नखाने काढायला गेले तर निघेना. मग त्याचं टोक उकललं आणि आत घडी घातलेलं पान, निळसर झाक आणि पांढऱ्या ठिपक्यांसकट, जसंच्या तसं आपल्या दगडावरचं. त्या लाकडासारख्या तुकड्याला कुणी सांगितलं की पान असं असतं? मी टाकीसमोर पाटावर बसून रडले. भात करपला.

तेव्हापासून मी कापतेय. गच्चीवर जाळीखाली रांगेने टाक्या आहेत. पात्याने एक चीर, दोन्हीकडे तीन-तीन पानं राहतील अशी, मग दगडावर दोन वेढे. खोड वाळूत पुरायचं नाही, कुजतं. मुळं आपणहून दगड धरतात. महिन्याला एखादं पान, घाई म्हणून नाही. सुराबायापासून मेदानपर्यंत लोक नेतात, त्याला बुसे म्हणतात, आणि हौसेने फोटो पाठवतात. पण मला जे कळतच नाही ते वेगळंच. ही त्याची पिल्लं नाहीत. बी नाही, आई-बाप नाहीत. बाबांनी ज्याला हात लावला होता तेच एक झाड आज इतक्या घरांत आहे, आणि कापलं म्हणून कुठेच कमी झालेलं नाही. गेल्या रविवारी एकाला पाण्याखालीच फूल आलं, तांदळाच्या दाण्याएवढं. मी चर्चला जायचं विसरले.

आता जे लिहायचं म्हणून बसले ते लिहिते. झाड खरवडलं त्याच्या आदल्या दिवशी मेणबत्ती शोधताना मी तुझा खण उघडला होता. पंपवाल्यांना ओढा देण्याच्या कागदावर गावचा मुखिया म्हणून तुझी सही होती. मला कळलं, दोन महिन्यांत तिथे गाळाशिवाय काही उरणार नाही. म्हणून मी अर्धं ठेवलं नाही. ओसरीवर हे बोलले असते तर आईला कळलं असतं की तिला डायलिसिसला पाँटियानाकला कुठल्या पैशाच्या जोरावर न्यायला लागलास. ती आणखी तीन वर्षं जगली. तिच्या मातीलाही तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मला वाटायचं, राग आहे. दगडापाशी बसतोस हे वाचलं तेव्हा कळलं की राग नव्हता, लाज होती. दादा, तुझ्या जागी मी असते तर मीही सही केली असती. झाड काय, सिल्विनाच्या हातीही पाठवता आलं असतं. मला भाऊ परत हवाय. सिंतांगच्या धक्क्यावर मला न्यायला ये.

तुझीच,
रूफी