बिनआवाजाचा प्रवेश

७ जानेवारी १९७५

मंजूर! अर्ध्या तासाचं नाटक — लेखन माझं, निर्मिती माझी. मुंबईच्या टीव्हीवर सुरतेचे विणकर! साहेब म्हणाले, "हे जमलं तर तुमची नोकरी कायम." जमणारच. चार वर्षांपूर्वीपर्यंत मी स्वतः सुरतेच्या बमरोलीत, शेठच्या कापडखात्यात आठ यंत्रमाग चालवत होतो. माझ्याइतकं हे कुणाला ठाऊक असणार?

कायम झालो की घाटकोपरला खोली, आणि जूनमध्ये प्रभावतीला आणि पोरीला इकडे आणायचं. दर आठवड्याला गाडीत जीव आंबवणं बास झालं.

१२ जानेवारी

घरी, बमरोलीला. बायकोला खोलीचं सांगितलं. कांदा चिरता चिरता म्हणाली, "तिथं माझं कोन हाय?" काय वाक्य! दुसऱ्या प्रवेशात घातलंसुद्धा.

१३ जानेवारी

आज म्हणते, "सुताच्या कांड्या भरणाऱ्या अठरा बायांची मुकादम हाय मी. त्यांना कुनाच्या भरवशावर सोडू?" हेही झकास. हेही घातलं. म्हटलं, अगं, मुंबईत तुला कामाला जायची गरजच नाही! उठून पाणी भरायला गेली. खूश असावी.

२ फेब्रुवारी

साहेब: "नट घ्या, श्रीपतराव. हौशी माणसं कॅमेरा बघून गार पडतात." मी ऐकतोय थोडाच! नट मागाजवळ उभा राहिला की पाहुणा वाटतो. म्हटलं, आमच्या खात्यातले कामगारच काम करतील. मुख्य बाई — प्रभावती. आधी नको नको म्हणत होती, मग एकदम तयार झाली. दोन दिवसांत संवाद तोंडपाठ!

१६ फेब्रुवारी

खात्यातल्या प्रवेशाचं चित्रीकरण. शेठ हात जोडून — "श्रीपतभाई, आ तो तमारुं ज खातुं!" खातं माझंच म्हणे! चोवीस माग धडधडत होते. रामजी, अंजनाबाई, प्रभावती — एकाचाही शब्द चुकला नाही. मी उड्या मारायचाच बाकी होतो.

दुपारी शेठकडे जेवायला गेलो, तेवढ्यात आमच्या कॅमेरावाल्या पंडितने आपणहून आणखी काही शॉट घेतले. घेऊ दे. हुशार आहे.

२४ फेब्रुवारी

सत्यानाश! मुंबईत फिल्म लावून बघितली. नुसता मागांचा खडखडाट, माणसांचा एक शब्द नाही! टेपवाला म्हणतो, "कुणी आवाज काढलाच नाही साहेब. मला वाटलं, बोलणं नंतर भरायचं असेल."

कपाळावर हात मारून घेतला. चालू मागाजवळ आम्ही कुणीच आवाज काढून बोलत नाही. घसा फाडला तरी ऐकू जात नाही, मग कशाला? ओठ मोठे हलवायचे, समोरच्याने ते वाचायचे. जन्माची सवय! त्यांनी तेच केलं. आणि मी गाढव, पुढे उभा राहून सगळं वाचत होतो आणि समजत होतो की ऐकतोय!

२५ फेब्रुवारी

रडत कोण बसतो? प्रवेश असाच ठेवायचा. बिनआवाजाचा. ही माणसं कशात जगतात ते लोकांच्या कानांना एकदा कळू दे.

५ मार्च

साहेबांनी पाहिलं. म्हणाले, "हे नटांना जमलं नसतं." कायम! पत्र हातात आहे! घाटकोपरची खोली पक्की केली, प्रभावतीला तार केली.

सोळाला, रविवारी, बमरोलीत चादर बांधून सगळ्या खात्याला नाटक दाखवणार. पंडितच्या जादा शॉटचं एक रीळ तेवढं धुऊन यायचंय. त्यात प्रभावतीचा चेहरा अगदी जवळून आहे म्हणे. नाटकाच्या शेवटाला लावू.

१० मार्च

तारेला उत्तर नाही. पोस्टाचा कारभार, दुसरं काय!

१३ मार्च

रीळ आलं. संकलनाच्या टेबलाशी मी आणि पंडित दोघेच. प्रभावती मागाजवळ उभी, सरळ कॅमेऱ्यात बघतेय. ओठ हलतात. संवाद माझे नाहीत.

"मी मुंबईला येनार नाही. पोरगीबी येनार नाही. घरी बोललेलं तुमाला ऐकू येत नाही. हे चित्र तरी नीट बघाल."

पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच.

"वहिनी काय म्हणतायत हो?" पंडितने विचारलं. तो शॉट कापून टाकला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. ठेव म्हटलं. शेवटालाच ठेव. रविवारी सगळं खातं वाचेल. वाचू दे.